कच्ची वही

ते पत्र चार ओळींचं होतं. ‘आपल्या संस्थेतील संगणक प्रणालीची तपासणी केली. प्रणालीत कोणताही दोष आढळून आला नाही.’ खाली आपला विश्वासू, सही, शिक्का आणि तारीख : ३ सप्टेंबर २००५. तपासणीला मला अर्धा तास लागला होता. त्या पत्राच्या भरवशावर सोमवारपासून एका बाईला घरी बसवण्यात आलं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सांगलीत एका खोलीचं ऑफिस होतं आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पतसंस्थांना मी हिशेबाचे प्रोग्राम करून देत असे. १९९८ साली आलेलं व्हिज्युअल बेसिक ६ आणि त्याच्या खाली अॅक्सेसची एक फाइल, एवढ्या भांडवलावर माझा धंदा चालायचा. डेटाबेस म्हणजे ती एकच फाइल, ‘संस्था.एमडीबी’. सभासद, ठेवी, पिग्मी, कर्ज, रोजकीर्द, सगळं तिच्या पोटात. फाइल उचलून दुसरीकडे ठेवली की झाला बॅकअप. ही सोय फार मोठी होती, आणि घातही तिच्यातच होता.

ते पत्र ज्या पतसंस्थेला दिलं, तिथे काउंटरवर ताई बसायच्या. दहावी शिकलेल्या, पस्तिशीच्या, पगार अठ्ठावीसशे रुपये. त्यांना हिशेब शिकवला तो अण्णांनी. अण्णा संस्थेचे जुने हिशेबनीस, लाल वह्यांच्या जमान्यातले. संगणक आला त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी ताईंना एकच गोष्ट बजावली : “पोरी, कच्ची वही सोडू नकोस.” म्हणून ताई प्रत्येक पावती संगणकात घातल्यावर एका शंभर पानी वहीतही टिपत. वेळ, पावतीचा नंबर, नाव, रक्कम. शेजारी काही विशेष असेल तर तेही. मला ती दुहेरी मेहनत वाटायची आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

प्रोग्राम शिकवताना मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. “मध्येच एखादी चौकट आली तर घाबरायचं नाही. ओके दाबायचं आणि पुढे जायचं.” पडद्यावरची नावं आम्ही शिवाजी फॉन्टमध्ये दाखवत असू. पण विंडोजच्या संदेशाच्या चौकटीत त्या काळी तो फॉन्ट चालत नसे, मराठी लिहिलं तर भलतीच रोमन अक्षरं उमटत. म्हणून सगळे संदेश इंग्रजीत ठेवले. ज्या बाईसाठी ते संदेश होते तिला इंग्रजी जेमतेम वाचता येतं, हे मला ठाऊक होतं. ओके दाबा, हा त्यावर मी काढलेला तोडगा.

त्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी, ताईंचा फोन आला.

“सर, पावती करताना एक चौकट येतेय. इंग्रजीत आहे. कुड नॉट फाइंड असं कायतरी.”

“प्रोग्राम बंद करून परत चालू करा.”

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. “झालं सर. चाललं.”

चाललं म्हटल्यावर मी पुढच्या कामाला लागलो. काय सापडत नव्हतं, ते बंद करून चालू केल्यावर कसं सापडलं, हे मी विचारलं नाही. एप्रिलमध्ये मी संस्थेला बॅकअपची नवी पद्धत लावून दिली. तोवर आठवड्यातून एकदा सीडी लिहायचे. नव्या सभासदांचे फोटो शेजारच्या स्टुडिओतून आणायला संस्थेने १२८ एमबीचा एक पेन ड्राइव्ह घेतला होता. मी म्हटलं, त्यावरच रोज संध्याकाळी डेटाबेसची फाइल कॉपी करा, कालची फाइल पुसून आजची. ताई ते न चुकता करू लागल्या. आणि ती चौकट यायची बंद झाली. मला वाटलं, दोष गेला.

गणपतीच्या तोंडावर बाजारात भाजी विकणाऱ्या एक आजी पैसे काढायला आल्या. १४ जूनला त्यांनी दोन हजार भरले होते. हातात पावती होती, नंबर ४३१२, खाली ताईंची सही. संगणकात मात्र १४ जूनच्या ४३१२ नंबरवर दुसऱ्याच एका माणसाचा दीडशे रुपयांचा पिग्मीचा भरणा निघाला. आजींच्या खात्यात त्या दिवशी काहीच जमा नव्हतं.

“बाळा, माझं पैसं कुठं गेलं?” असं त्या काउंटरपाशी पुन्हा पुन्हा विचारत होत्या, असं मला नंतर कळलं.

मॅनेजरनी शोध घेतला तेव्हा आणखी पावत्या निघाल्या. १४ जून, १९ जुलै, २३ ऑगस्ट. तिन्ही दिवशी एकाच नंबरच्या दोन-दोन पावत्या, एक संगणकात असलेली, एक नसलेली. सही दोन्हींवर ताईंचीच. पैसे घ्यायचे, पावती फाडायची, जमेला धरायचे नाहीत. पतसंस्थांतले कितीतरी अपहार याच वाटेने होतात, म्हणून मॅनेजरना दुसरं काही सुचलंच नाही. चेअरमन घाबरले. प्रकरण सहायक निबंधकांकडे गेलं आणि सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी लागली, तर नुकसानीची जबाबदारी संचालकांवरही निश्चित होऊ शकते. त्यांना कुणीतरी ठाम सांगायला हवं होतं की चूक यंत्राची नाही. त्यांनी मला बोलावलं.

मी काय तपासलं? १४ जूनच्या पावत्यांची क्वेरी चालवली. ४३१२ एकदाच आहे. मग पावतीचा फॉर्म उघडून एक खोटी नोंद केली. ‘रेकॉर्ड सेव्हड्’ अशी चौकट आली. क्वेरी चालवली, नोंद सापडली, ती काढून टाकली. तीनदा केलं, तीनदा बरोबर आलं. ताई बाजूच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना मी एक शब्द विचारला नाही. मी पत्र लिहून दिलं.

६ सप्टेंबरला अण्णा एसटीने सांगलीला आले. पिशवीतून वही काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“तुम्ही प्रोग्राम तपासलात. ही वही तपासलीत का?”

“अण्णा, ती त्यांनीच लिहिलेली आहे. तिचा पुरावा म्हणून काय उपयोग?”

“बरं. मग मला एवढंच सांगा, अपहार करणाऱ्याच्या पेटीत पैसे जास्त निघतात का कमी?”

मी गप्प राहिलो. अण्णांनी पान उलटलं. १४ जूनला संध्याकाळी पेटीत संगणकातल्या शिलकेपेक्षा साडेचार हजार जास्त होते. लाइट गेल्यामुळे काहीतरी गोंधळ झाला असेल असं म्हणून ते मॅनेजरच्या सहीने अनामत खात्यात टाकले होते. १९ जुलैला बत्तीसशे जास्त. तेही अनामत. २३ ऑगस्टला मात्र साडेबाराशे कमी पडले.

“कमी पडले ते कुणी भरले?” मी विचारलं.

“कॅशियरची तूट कॅशियरच भरतो. तिनं भरले. पगारातले.”

त्या अक्षरांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. ‘तूट १२५०. स्वतः भरले.’ पुढे तक्रार नाही, खुलासा नाही. जिला आपण चोर ठरवलं, तिने जवळजवळ निम्मा पगार पेटीत घातला होता.

तरीही माझी सवय सुटली नव्हती. मी तयार उत्तरं काढू लागलो. पहिलं उत्तर तारखेचं. अॅक्सेसच्या क्वेरीत दोन हॅशच्या मध्ये तारीख लिहिली की ती अमेरिकन क्रमाने वाचली जाते, आधी महिना, मग दिवस. संगणकाची सेटिंग भारतीय असली तरी फरक पडत नाही. ०५/०३ म्हणजे आपला पाच मार्च तिला तीन मे वाटतो. गंमत म्हणून सांगत नाही, हा दोष फार फसवा आहे. दिवस बाराच्या वर गेला की तेराव्या महिन्याचा प्रश्न येतो, मग ती मुकाट्याने क्रम उलटा धरते आणि तारीख बरोबर लागते. म्हणजे महिन्याच्या तेरा तारखेपासून सगळं सुरळीत, पहिल्या बारा दिवसांत घोळ, आणि त्यातही एक जानेवारी, दोन फेब्रुवारी असे जुळणारे बारा दिवस पुन्हा बरोबर. वर्षाचे १३२ दिवस चूक. आदल्या वर्षी मी याच दोषाने पोळलो होतो. पण चौदा, एकोणीस, तेवीस. तिन्ही तारखा बाराच्या पुढच्या. ते उत्तर तिथेच संपलं.

दुसरं उत्तर भारनियमनाचं. दुपारी एकला लाइट जायची ती चारला यायची. यूपीएस दहा मिनिटं टिके, तेवढ्यात ताई प्रोग्राम बंद करत. अण्णा म्हणाले, “लाइट तर रोजच जाते. मग नोंदी रोज का जात नाहीत?”

यालाही उत्तर नव्हतं. तेव्हा कुठे मी ती वही वाचायला घेतली, वरून खाली, एकेक ओळ, त्यांनी लिहिली तशी.

१४ जून, मंगळवार. सकाळी पहिली पावती ४३१२. मग ४३१३, ४३१४, असं करत साडेअकरापर्यंत अकरा पावत्या, शेवटची ४३२२. त्याखाली एक ओळ : ‘नवीन सभासद. शेअर १००, प्रवेश फी १०. फोटो घेतला.’ आणि पुढची पावती पुन्हा ४३१२. आजींची. त्या नंबराभोवती पेन्सिलीने छोटा गोल. मग ४३१३ पासून ४३१६ पर्यंत. मध्ये दोन खात्यांतून पैसे काढलेले. ‘१ वा. लाइट गेली.’ आणि चार वाजता पहिली पावती ४३२३.

ताईंना दिसलं होतं. नंबर मागे गेला हे त्यांना त्याच क्षणी दिसलं होतं आणि त्यांनी गोल करून ठेवला होता. मला फोन केला असता, तर मी काय सांगितलं असतं हेही त्यांना ठाऊक होतं.

संगणकात काय होतं? सकाळच्या अकरा पावत्या होत्या. चारनंतरच्या होत्या. फोटोपासून लाइट जाईपर्यंतचं काहीच नव्हतं. १९ जुलै तसाच. २३ ऑगस्ट तसाच. तिन्ही मंगळवार, गावच्या बाजाराचे. एरवी सभासद करून घेण्याचं काम ताई दिवसाचा हिशेब झाल्यावर शेवटी करत आणि मग प्रोग्राम बंद करत. बाजाराला आलेल्या खेड्यातल्या माणसाला संध्याकाळपर्यंत थांबवता येत नाही, म्हणून त्या तीन दिवशी भर दुपारी फोटो जोडला होता.

पावतीचा नंबर माझा प्रोग्राम कसा ठरवायचा? फाइलमधला सर्वांत मोठा नंबर विचारायचा आणि त्यात एक मिळवायचा. साडेअकरानंतर त्याला ४३१२ मिळाला, म्हणजे त्या वेळी त्याला शेवटची पावती ४३११ दिसत होती. ४३११ शेवटची होती ती आदल्या दिवशी संध्याकाळी. प्रोग्राम कालच्या संध्याकाळीत जाऊन बसला होता.

आणि कालची संध्याकाळ कुठे होती? पेन ड्राइव्हवर. रोज तिथे कॉपी करा असं मीच सांगितलं होतं.

माझ्या हातापायातलं बळ गेलं. अण्णांना घेऊन मी लगेच गाव गाठलं. वाटेत मी ताईंना निरोप धाडला, त्या आल्या, पण काउंटरच्या आत यायला तयार होईनात. मॅनेजरनी स्वतः दार उघडून धरलं तेव्हा आल्या. मी खुर्ची सोडून मागे उभा राहिलो आणि म्हटलं, “ताई, त्या दिवशी केलंत तसं सगळं करा. मी बोलणार नाही.”

त्यांनी आधी दोन पावत्या केल्या. नंबर बरोबर पुढे सरकले. मग पेन ड्राइव्ह लावला, सभासदाचा फॉर्म उघडला, ‘फोटो निवडा’ बटण दाबलं. विंडोजची फाइल निवडायची नेहमीची चौकट आली. त्यांनी ई ड्राइव्हवर जाऊन एक फोटो निवडला. फोटो नीट चिकटला. फॉर्म बंद केला आणि तिसरी पावती करायला घेतली. नंबर मागे गेला. ‘रेकॉर्ड सेव्हड्’ अशी चौकट आली. ताईंनी ओके दाबलं.

मी डी ड्राइव्हवरच्या फाइलवर क्वेरी चालवली. दोन पावत्या. मग ई ड्राइव्हवरची फाइल उघडली. तिथे तिसरी होती, नाव, रक्कम, वेळ सगळ्यांसकट. मॅनेजर वाकून पाहत होते. कुणी काही बोललं नाही.

मला वाटतं इथे वाचकाला नीट समजावून सांगायला हवं, कारण हा दोष मीच केला असं नाही, माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी केला आहे. विंडोजमध्ये चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा एक चालू फोल्डर असतो. फाइलचं नुसतं नाव घेतलं, पूर्ण पत्ता दिला नाही, तर ती त्या चालू फोल्डरमध्ये शोधली जाते. शिपायाला ‘कपाटातली वही आण’ म्हणावं आणि कोणत्या खोलीतलं कपाट ते सांगू नये, तसं. तो ज्या खोलीत उभा असेल तिथलं कपाट उघडतो. माझ्या प्रोग्रामच्या शॉर्टकटमध्ये ‘स्टार्ट इन’ या रकान्यात डी ड्राइव्हवरचा फोल्डर लिहिलेला होता, म्हणून सुरू होताना तो नेहमी योग्य खोलीत असे. पण विंडोजची फाइल निवडायची ती तयार चौकट, आपण तिच्यातून दुसऱ्या जागची फाइल निवडली की, प्रोग्रामचा चालू फोल्डरही तिकडेच हलवून टाकते. हलवू नकोस असं सांगायची सोय तिच्यात आहे, ‘नोचेंजडिर’ नावाचा एक फ्लॅग. तो आपण लावायचा असतो. मी लावला नव्हता. आणि डेटाबेस उघडताना मी पत्ता दिला नव्हता, नुसतं ‘संस्था.एमडीबी’ म्हटलं होतं.

सभासदाच्या फॉर्मने डेटाबेसशी जोडणी फोटोच्या आधीच केलेली असे, म्हणून फोटो बरोबर जागी जाई आणि कुणाला शंका येत नसे. पावतीचा फॉर्म मात्र दर वेळी नवी जोडणी करी. त्याला पेन ड्राइव्हवर त्याच नावाची, कालच्या दिवसाची फाइल मिळे. सगळे खातेदार तिथे होते, शिलका होत्या. नोंद तिथे गेली. संध्याकाळी प्रोग्राम बंद करून ताई शिस्तीने आजची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करत, आणि दुपारच्या त्या नोंदी त्याखाली पुसल्या जात. पुरावा रोज संध्याकाळी नष्ट होत होता, तोही माझ्या सांगण्यावरून.

माझ्या मशीनवर हे कधीच घडलं नसतं. चाचणीसाठी ठेवलेला फोटो मी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवला होता.

‘रेकॉर्ड सेव्हड्’ ही चौकट खोटं बोलत नव्हती. नोंद जतन झाली होती. कुठे झाली, हे तिने सांगितलं नाही, आणि ते सांगायला मी तिला शिकवलं नव्हतं.

ताईंनी तेव्हा वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मार्चमधली ती चौकट. मला फोन करण्याआधी त्यांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती, एकेक इंग्रजी अक्षर चित्र काढावं तसं, अवतरणचिन्हांसकट. कुड नॉट फाइंड फाइल, आणि पुढे पत्ता : ई, विसर्गासारखी दोन टिंबं, तिरकी रेघ, संस्था.एमडीबी. मार्चमध्ये पेन ड्राइव्हवर नुसते फोटो होते, बॅकअप नव्हता, म्हणून तिथे फाइल सापडत नव्हती आणि विंडोज ओरडून सांगत होती. आपला डेटाबेस डी वर आणि हा प्रोग्राम ई वर काय शोधतोय, एवढा एक प्रश्न मला पडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. एप्रिलमध्ये मी त्याच ड्राइव्हवर फाइल नेऊन ठेवली. सापडली, म्हणून ती ओरडायची थांबली. दोष गेला असं मी म्हटलं तो हा क्षण.

“मी फोनवर सगळं वाचून दाखवणार होते,” ताई म्हणाल्या, “पण तुम्ही म्हणालात बंद करून चालू करा.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

दुरुस्तीला एक संध्याकाळ पुरली. डेटाबेस उघडणाऱ्या सात जागा होत्या, सातही ठिकाणी पूर्ण पत्ता घातला. फाइल निवडायच्या चौकटीला तो फ्लॅग लावला. पावतीच्या फॉर्मच्या खालच्या पट्टीत कोणत्या फाइलमध्ये नोंद चालली आहे तिचा पत्ता कायम दिसेल असं केलं. बॅकअपच्या फाइलच्या नावात तारीख घातली, म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइली संस्थेत राहणार नाहीत. मग कच्च्या वहीवरून तिन्ही मंगळवारच्या नोंदी भरल्या. जमेच्या पावत्या ११,४५० रुपयांच्या, काढलेले पाच हजार. फरक ६,४५०. अनामत खात्यात पडून असलेल्या ७,७०० मधून ताईंनी भरलेले १,२५० वजा केले की तेवढेच उरतात. अण्णांनी ती बेरीज तीनदा केली. मला वाटतं पहिल्याच वेळी त्यांना खात्री होती, पुढच्या दोन वेळा त्यांनी मॅनेजरना दाखवण्यासाठी केल्या.

बऱ्याच वर्षांनी ब्रिटनच्या पोस्ट खात्याची हकीकत वाचली तेव्हा मला ती पेन्सिलीचा गोल असलेली ओळ आठवली. तिथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आली, आणि पोस्टाच्या छोट्या शाखा चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. कित्येकांनी त्या स्वतःच्या खिशातून भरल्या. नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले. प्रणालीतच दोष होते हे लंडनच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केलं, आणि २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने एका दिवसात एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्या सगळ्या वर्षांत प्रणाली भरवशाची आहे असं सांगणारे लोक होते. मी त्यांच्याकडे बोट दाखवू शकत नाही. माझं पत्र फक्त चार ओळींचं होतं आणि बाई एकच होती, एवढाच फरक.

आज डेस्कटॉपवरचे प्रोग्राम लिहिणाऱ्या, सांभाळणाऱ्या पोरापोरींना माझी हात जोडून विनंती आहे. काउंटरवरून फोन आला, चौकट आली असं कुणी म्हणालं, तर ओके दाबू देऊ नका. आधी ती अक्षर न् अक्षर ऐका. विंडोजची साधी संदेशाची चौकट समोर असताना कंट्रोल आणि सी दाबलं की तिच्यातला मजकूर कॉपी होतो, मग तो वहीत चित्रासारखा काढायची पाळी येत नाही. हे त्यांना शिकवा. आणि शक्य असेल तर त्यांच्या मागे उभं राहून, न बोलता, त्या कसं काम करतात ते एकदा पाहा.

१० सप्टेंबरच्या संचालक मंडळाच्या सभेत मी दुसरं पत्र वाचून दाखवलं. ‘दोष प्रणालीत होता आणि तो माझ्या हातून झाला. तिन्ही दिवसांच्या पावत्या खऱ्या आहेत. माझे ३ सप्टेंबरचे पत्र मी मागे घेत आहे.’ चेअरमननी ते इतिवृत्तात घ्यायला लावलं. ताईंचे साडेबाराशे परत करण्याचा ठराव झाला. सोमवारी, १२ तारखेला, त्या कामावर आल्या आणि कच्च्या वहीचं नवं पान उघडून त्यांनी वर तारीख घातली.

भाजीवाल्या आजींना त्यांचे दोन हजार गणपती विसर्जनाच्या आत मिळाले.